आखाजीआधी नांगरलेलं वावर

आबा, तुमचं वावर मेलं नव्हतं. एवढं एकच वाक्य तुम्हाला सांगायचं म्हणून मी किती दिवस मनात जपून ठेवलं होतं, आणि आता सांगते आहे ते असं कागदावर. खूश होऊन सांगायचं होतं हो. यंदा आखाजीच्या सणाला, पितरांच्या पूजेत, तुमच्या नावाची घागर भरली जाईल तेव्हा शेजारी बसून मनातल्या मनात सांगायचं, असं ठरवूनच मी बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याहून गावाला निघाले होते. झालं भलतंच. आता परत घरी आलेय, शाळेला सुट्टी आहे, बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, आणि कूलरमध्ये पाणी भरायचं सोडून मी हे लिहीत बसलेय. रागानं लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. राग नेमका कुणावर आहे ते लिहिता लिहिता कळलं तर कळलं, नाहीतर राहिलं.

तुमचं वावर म्हणजे नाल्याकाठचं. वरचं वावर भाऊ करतोच, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तुमचा जीव होता तो नाल्याकाठच्या वावरात. केळीच्या ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ, पाण्याच्या दांडात एक काडी नाही, बांधावरसुद्धा गवताचं पातं दिसायचं नाही. पानं वाळली की कापायची, ढीग करायचा, पेटवून द्यायचा. घड उतरले की केळीचे खांब ओढून नाल्यात. वावर कसं अंगणासारखं पाहिजे, असं तुमचं. तापीकाठच्या गावांत हे वेड घरोघरी आहे, पण तुम्हाला जरा जास्तच होतं. एका आखाजीला माझ्याबरोबरच्या पोरींना बांगड्या मिळाल्या, रिबिनी मिळाल्या, आणि मला तुम्ही खुरपं दिलंत. पातं लोहाराकडून करून आणलेलं, मूठ तुम्ही स्वतः बाभळीची तासलेली, माझ्या हाताच्या मापाची. मी भोकाड पसरलं होतं. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच खुरपं घेऊन वावरात हजर. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बांधावरचा एक तरोटा मी मुद्दाम ठेवला, त्याला पिवळी फुलं आली होती आणि त्यावर फुलपाखरं यायची म्हणून. तुम्ही तो पाहिलात आणि सगळ्या मजूर बायांसमोर म्हणालात, "हे काय ठेवलंय? लोक म्हणतील, ह्यांच्या घरातली माणसं मेली का काय?" उपटायला मलाच लावलात. मुळांना चिकटून आलेली माती झटकून पुन्हा खड्ड्यात टाकायला लावलीत, आणि मग डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "हां, आता कसं." तुमच्या त्या "आता कसं"साठी मी वावरातलं काहीही उपटलं असतं.

मग ती माती बिघडली. वर्षानुवर्षं केळीवर केळी, पाट भरभरून पाणी, पोत्यानं युरिया, आणि जे काही वाळलं, गळलं, उरलं ते सगळं जाळून नाहीतर नाल्यात फेकून. जमिनीला खायला म्हणून आपण काही ठेवलंच नाही. हे मी आज बोलते, तेव्हा मलाही कुठे कळत होतं, नवी नवी मास्तरीण झाले होते आणि पोरांकडून पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून घेत होते. पाणी दिलं की वरच थांबायचं, खाली उतरायचंच नाही. वाळलं की वर पांढरी खपली धरायची. झाडं पिवळी पडायची, बुडातून कुजून आडवी व्हायची. तुम्ही खत वाढवलंत, पाणी वाढवलंत, नवी रोपं आणलीत. एक दिवस मी सुट्टीत घरी आलेली, तुमच्यासाठी भाकरी घेऊन वावरात गेले तर तुम्ही विहिरीच्या कठड्याशी उभे. हातात एक ढेकूळ होतं. ते तुम्ही कठड्याच्या दगडावर जोरात आपटलंत. फुटलं नाही, उसळून माझ्या पायाशी आलं. पुन्हा उचलून आपटलंत, पुन्हा नाही फुटलं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मेली ही." भाकरी तशीच फडक्यात राहिली.

त्या पावसाळ्यात तुम्ही जेवण सोडलंत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. डॉक्टर म्हणाला हृदय, आम्हीही चारचौघांत हृदयच म्हणतो. माय मात्र आजही म्हणते, माणूस जमिनीपायी गेला. शेवटी शेवटी तुम्ही तिला आणि आम्हा दोघांना जवळ बोलावून एकच सांगितलंत, "मेली ती. आता तिला हात लावू नका." आणि आम्ही नाही लावला. भावाला कितीदा वाटलं तरी मायनं नाही लावू दिला. वीसेक वर्षं ते वावर पडीक पडलं.

आबा, मायनं तुमचा शब्द कसा पाळला ते तुम्हाला माहीत नाही. ज्या घराचं वावर बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे, त्या घराच्या वावरात गाजरगवत माजलं. मग कुसळी आली, तरोटा आला, बोरी आणि बाभळी आल्या, पळस आला, विहिरीजवळ एक कडुलिंब आपोआप उगवला. गावातल्या बाया तिला तोंडावर विचारायच्या, काय वो, वाघ पाळायचा काय? ती हसून न्यायची आणि घरी येऊन चुलीपुढे बसायची. त्या बांधावरून जाताना तिची मान कधी वर झाली नाही. मी बघितलंय. मी म्हणायचे, माय, दुसऱ्या वाटेनं जात जा. तर म्हणायची, "त्यांचं वावर सोडून मी दुसऱ्याच्या बांधानं काऊन जाऊ?"

आणि खाली, त्या माजलेल्या रानाखाली, काय चाललं होतं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण रंग बदलत नव्हता. आपली जमीन काळीच. मेली म्हणालात तेव्हाही काळी होती, त्यामुळे वरून बघून काय कळणार कपाळ? मला कळलं ते कडुलिंबामुळे. मी माहेरी गेले की त्याच्या सावलीत जाऊन बसते, म्हणून तुम्ही दिलेलं खुरपं सोबत नेलं होतं, बसायला जागा करावी म्हटलं. खुरपं टेकवलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. जोर लावावा लागला नाही. मी माती हातात घेतली तर ती रव्यासारखी मोकळी, पांढरी मुळं सगळीकडे, गांडुळं, सडक्या पानांचा वास. एक ढेकूळ उचललं आणि, वेडी म्हणा, विहिरीच्या त्याच कठड्यावर आपटायला नेलं. आपटायची पण गरज नव्हती, हातातच त्याचा चुरा झाला. मी तिथे एकटी उभी राहून मोठ्यानं हसले आणि मग रडले. पावसाळ्यात पुन्हा मुद्दाम गेले, तर पाणी पडतंय आणि आत जातंय, कुठे डबकं नाही. तुमचं वावर पाणी पीत होतं आबा.

शाळेत मी हेच तर शिकवते. हवेत जो कर्ब असतो, गाड्यांच्या धुराचा, भट्ट्यांच्या धुराचा, तो झाडं पानांतून ओढून घेतात, मुळांवाटे खाली देतात. पानं पडतात, मुळं मरतात, किडे-गांडुळं ते खातात, आणि त्यातला बराचसा कर्ब मातीत मुरून बसतो. तोच मातीला धरून ठेवतो, पाणी धरतो. कोणी उकरलं नाही तर पिढ्यान्‌पिढ्या बसून राहतो. उकरत राहिलं, जाळत राहिलं, तर परत हवेत. फळ्यावर बाण काढून मी हे इतक्यांदा समजावलंय की झोपेतही काढेन. पण ते आपल्याच वावरात, आपल्याच जमिनीत, तुम्ही मेली म्हणून सोडून दिलेल्या मातीत चाललंय, हे हातात घेऊन बघणं वेगळं. मला तर असं झालं होतं की कधी एकदा तुम्हाला सांगते.

भावाला हे पटणार नव्हतं, हे मला माहीत होतं. त्याला ते वावर वर्षानुवर्षं डोळ्यांत सलतंय. "ताई, अपनी जमीन, और अपन ही बाहेरून बघायची?" हे त्याचं नेहमीचं. म्हणून मी शोधाशोध केली. अशी जमीन तशीच राहू देणाऱ्या, तिच्यात कर्ब किती साठतोय ते मोजणाऱ्या आणि त्याबद्दल शेतकऱ्याला काहीतरी देणाऱ्या एका संस्थेची माणसं आपल्या भागात फिरत होती. त्यांच्यातल्या एका मुलीशी बोलले. ती म्हणाली, आधी येऊन माती बघू, जागा बघू, मग करार, आणि करार झाला की पुढची पुष्कळ वर्षं नांगर लावता येणार नाही. मला तेच तर पाहिजे होतं. भावाला सांगितलं, तो कुरकुरला, पण म्हणाला, "ठीक है, बघू दे." आणि मी मायला फोन केला. आबा, हा फोन मी आता रोज आठवते. मी म्हणाले, "माय, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नाल्याकाठच्या वावरातली माती बघायला लोक येणार आहेत. माती चांगली झालीय म्हणून येतायत. तू काही करू नको, वावर जसं आहे तसं राहू दे." ती म्हणाली, "बरं." किती शहाण्यासारखं म्हणाली, बरं.

आपल्या घरात "काही करू नको" म्हणजे काय, हे मी कसं विसरले? पाहुणा म्हणतो काही करू नका आणि माय पुरण घालते. मी फोनवर म्हणते, माझ्यासाठी काही करू नको गं, आणि पोचते तर सांजोऱ्यांचा डबा भरलेला असतो. कोणी खरंच काही केलं नाही तर आपणच महिनाभर मनात धरतो. हे सगळं ठाऊक असून मी तिला तेच शब्द सांगितले, आणि निवांत झाले.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी ऑटोनं उतरले ती थेट बांधावर, कारण माय तिथेच आहे असं भावाच्या पोरीनं सांगितलं. माय काळी छत्री घेऊन बांधावर बसली होती. ह्या वयात, त्या उन्हात, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, चेहरा लालबुंद. आणि समोर वावर. सगळं पेटवून झालेलं, बोरी-बाभळी-पळस बुडापासून काढून कडेला रचलेले, आणि ट्रॅक्टरनं पलटी मारून खालची माती वर. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडं. तेवढा कडुलिंब राहिला होता, कारण मला त्याची सावली आवडते हे तिला माहीत. राख अजून उडत होती. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "कसं दिसू राह्यलं?" मी बांधावर खाली बसले. ती शेजारी उभ्या भावाला म्हणाली, "पाह्य, बोलेना. आवडलं तिला."

मी विचारलं, "माय, मी जसं आहे तसं राहू दे म्हटलं होतं ना?" माझा आवाज चढला होता. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग समजूत घालायला लागली, जणू मीच लहान आहे. "अगं, माती पाहायले येणार ना ते? एवढ्या गवतात माती दिसंन त्यांना? माती दिसायले नको का?" मी म्हटलं, आबांनी हात लावू नका म्हटलं होतं. त्यालाही तिच्याकडे उत्तर तयार. "ते मेली म्हने म्हणून नका म्हने. आता तूच म्हणते ती चांगली झाली, सायब लोक पाहायले येतात. मंग हात लावायले काय हरकत?" आणि मग हळू आवाजात, भाऊ दूर गेल्यावर, "वीस वर्सं मान खाली घालून गेली मी इथून. उद्या त्यांची घागर हाये. त्यांनी वरून पाह्यलं तर वावर तसं दिसावं काय?" आबा, माझ्याच फोननं तिला तुमच्या शपथेतून सोडवलं होतं. माझ्याच तोंडून ते गेलं की ती जमीन आता जिवंत आहे, आणि जिवंत म्हटल्यावर जे तुम्ही केलं असतं तेच तिनं केलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. शहरात सगळे अक्षय्य तृतीया म्हणतात, आपल्याकडे आखाजी म्हटल्याशिवाय सण झाल्यासारखा वाटत नाही. नवी घागर आणली, तिच्यावर खरबूज ठेवलं, आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या. भावानं तुमचं नाव घेऊन पाणी सोडलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर तुमच्या नावाचा घास टाकला, तूप पडलं, धूर झाला, माय हात जोडून म्हणाली, "आता पाह्या तुमचं वावर." मी शेजारीच बसले होते, ते वाक्य सांगायचं म्हणून. नाही सांगितलं. मला त्या घागरीकडे बघवेना. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून उठून मागच्या दारी गेले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की घागर उचलून आपटावीशी वाटली. कोणी सांगितलं होतं तुम्हाला वावर एवढं स्वच्छ ठेवायला? कोणी सांगितलं होतं आम्हाला शिकवायला?

संस्थेतली ती मुलगी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आली, एका पोराला आणि एक लांब लोखंडी नळी घेऊन. बांधावर आली आणि थांबली. मला म्हणाली, "मॅडम, ये किसने करवाया?" मी तोंड उघडायच्या आत माय पुढे. "मैंने करवाया. अब देखो आरामसे. एक पत्थर नहीं, एक काडी नहीं." आणि डब्यातून सांजोऱ्या काढून तिच्या हातावर. त्या पोरीनं सांजोरी खाल्ली, छान झाल्यात म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. समजूतदार होती. मायला एक शब्द बोलली नाही. कडुलिंबाखाली नळी घातली, नांगरलेल्यातही घातली, आतली माती काढून हातावर चोळली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली की जिथली झाडं नुकतीच काढली, जाळली, नांगरली, तशी जमीन आम्हाला घेता येत नाही, नियमच आहे, नाहीतर लोक मुद्दाम जाळून मग आमच्याकडे येतील. मी म्हटलं, म्हणजे सगळं गेलं? ती म्हणाली, "सब नहीं गया मॅडम. नीचे अभी है. इस साल छोड़ दो, घास आने दो, बच जाएगा. लेकिन हर साल चलाओगे, तो चला जाएगा. बारिश से पहले कुछ ढक जाए तो अच्छा." आणि निघून गेली. माय तिला डबा देत होती, तिनं दोनच घेतल्या.

म्हणजे अजून वाचवता येत होतं. पण भावाला अडवायला माझ्याकडे जे एक कारण होतं, ते त्या मुलीबरोबर ऑटोत बसून बुऱ्हाणपूरला गेलं. संध्याकाळी तो वावरात फेरी मारून आला, चेहरा फुललेला. मला म्हणाला, "ताई, आता सोड ना यार. वावर एकदम रेडी झालंय. इतकी भुसभुशीत माती मी आयुष्यात पाहिली नाही, खोटं नाही सांगत. पाऊस लागला की केळीची मृगबाग लावतो. टिशू कल्चरची रोपं बोलून ठेवतो, ठिबक टाकतो." मी त्याला समजावलं, भांडले, फळ्यावरचे बाण हवेत काढून दाखवले. तो ऐकून घेतो, तसा मुलगा वाईट नाही. म्हणाला, "माय नको म्हणाली तर नाही लावणार. जमीन तिच्या नावावर हाय. तू विचार तिला." तेव्हा राहिलं फक्त मायचं नको. ते मला मिळवायचं होतं, बस. एक शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात आंबे पिळत बसली होती, उरलेल्यांचा रस करायला. मी समोर पाट घेतला आणि सुरुवात केली. म्हटलं, माय, तू वावर पाहिलंस ना, माती कशी झालीय? ती एकदम खुलली. "अगं, मी तर नांगरताना बसूनच व्हती. वास येऊ राह्यला तिला. त्यांच्या वेळंला असा वास नव्हता." मी म्हटलं, तेच तर. तिला कोणी जिवंत केलं नाही माय. आपण जाळायचं थांबवलं, नांगर थांबवला, गवत येऊ दिलं, पानं तिथेच पडू दिली, तेवढ्यानं झालं. म्हणून आता पुन्हा केळी लावू देऊ नको. ती आंबा पिळत ऐकत होती. मग हात थांबले. कोय बोटांत तशीच. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंजे तव्हा मेली नव्हती ती?"

मी कोयींचं ताट पुढ्यात ओढलं.

"नुसतं सोडून द्यायचं व्हतं? एवढंच?" तिच्या मनगटावरून रस खाली ओघळत होता, तिचं लक्ष नव्हतं. "मंग ते कशापायी गेले?"

आबा, सांगा मला, काय उत्तर द्यायचं होतं? हो माय, मेली नव्हती, थकली होती, आपणच थकवली होती, दोन-चार पावसाळे गप बसलो असतो तर उठली असती, आणि आबा उगाच गेले. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. ते मी बोलले असते तर मायनं भावाला त्या वावराच्या आसपास फिरकू दिलं नसतं. तिनं बांधावर पुन्हा छत्री घेऊन बसून राखण केली असती. तुमचं वावर वाचलं असतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "नाही गं माय. तेव्हा मेलेलीच होती. आबा बरोबर होते. नंतर तू इतकी वर्षं त्यांचा शब्द पाळलास ना, त्या पुण्याईनं उठली." मी सायन्स शिकवते आबा. पुण्याईनं उठली म्हणाले मी.

तिनं मोठा श्वास सोडला. कोय बाजूला टाकली, दुसरा आंबा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण तोंडावर हसू आलं, तुम्ही गेल्यापासून असं हसू मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मंग तर काहीच भ्या नाही. मेलेली उठून बसली, आता काय व्हतं तिला? लावू दे त्याला केळी. त्यांच्याच वावरात केळी पाह्यली की माझे डोळे मिटले तरी चालंन." आणि रसात साखर घालू का नको, ते विचारलं.

आज सकाळी भावानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. ठिबकच्या नळ्या टाकून झाल्यात, ओळी अगदी सरळ, माय कडुलिंबाखाली खुर्चीवर बसलेली, मान वर. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. काय करू हेच कळत नाही. भावाला म्हटलं, निदान पानं जाळू नको, खांब तिथेच पडू दे, वावरात कुजू दे. तो म्हणाला, "देखते हैं." मला माहीत आहे त्याचं "देखते हैं". माय बांधावरून काडी दिसली तरी उचलून टाकेल. आणखी काही वर्षांनी ती माती पुन्हा पाणी पिणं थांबवेल, वर पांढरी खपली येईल, आणि तेव्हा भाऊ कठड्यावर ढेकूळ आपटेल. त्या दिवसाची मला आतापासून धडकी भरलीय. तेव्हा त्याला कोण सांगणार, ती मेली नाही म्हणून? मी सांगेन म्हणता? मी आंबे पिळणाऱ्या म्हातारीला एक खरं बोलू शकले नाही.

हे पाकिटात घालायचं नाही, घालून पाठवू कुठे. वावरात पुरायचा विचार आला होता, पण तिथे आता ठिबकच्या नळ्या आहेत. खुरप्याशेजारी कपाटात पडून राहील. एक सांगायचं राहिलं, ते मायलाही माहीत नाही. त्या दुपारी ऑटोतून उतरून वावराकडे पाहिलं, तेव्हा मी बांधावर खाली बसले ती नंतर. त्याच्या आधी, अगदी आधी, राख दिसायच्या आत, माझ्या मनात आलं होतं, हां, आता कसं.